शाळेची प्रत लावणाऱ्यांनो, आधी रान पहा



एकाधिकार खरेदीचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना ग्रेडर आठवत असेल. १९७२ साली ती योजना आली आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे आमच्या घराचा वर्षाचा हिशेब त्या ग्रेडरच्या दोन बोटांवर ठरत होता. खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागायची, थंडीत गाडीखाली रात्र काढावी लागायची. मग साहेब यायचे, गाडीत हात घालायचे, चिमूटभर कापूस ओढून पाहायचे आणि प्रत लिहून पुढच्या गाडीकडे जायचे. पाऊस वेळेवर आला होता का, दुबार पेरणी करावी लागली का, बोंडअळीने किती खाल्ले, वेचायला मजूर मिळाले का, हे त्यांनी कधी विचारले नाही. प्रत खाली लागली की दोष कापसाचा आणि कापूस पिकवणाऱ्याचा.

सीसीआयच्या केंद्रावर तो ग्रेडर आजही आहे. पण त्याचा एक भाऊ अलीकडे आमच्या गावच्या मराठी शाळेत येऊ लागला आहे. तो वर्गात शिरतो, तिसरीच्या पोरापुढे दुसरीचा उतारा धरतो, पोरगे अडखळले की कागदावर खूण करतो. मग पट पाहतो. पट वीसच्या आत असला की त्याचे डोके हलते. शेरा ठरलेला असतो: गुणवत्ता कमी, पट कमी, खर्च जास्त. शाळा दुसऱ्या शाळेत मिसळावी.

या बैठकीला येणाऱ्या प्रत्येकाने या शेऱ्याचा विचार करावा म्हणून हा मजकूर लिहिला आहे. भावाचा, विजेचा, कर्जाचा प्रश्न सोडून शाळेचा प्रश्न कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की हा वेगळा प्रश्नच नाही. ज्या हिशेबाने आमचा कापूस लुटला गेला, त्याच हिशेबाने आता आमच्या पोरांची शाळा मोजली जात आहे.

कागद काय सांगतो

आधी सरकारचा कागद पाहू. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १३०० हून अधिक शाळा बंद करून जवळच्या शाळेत मिसळण्याचा निर्णय झाला. २०२२ साली वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची माहिती जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवली गेली. अशा शाळा चौदा हजारांच्या वर निघाल्या. २१ सप्टेंबर २०२३ रोजी 'समूह शाळे'चा शासन निर्णय निघाला. नंदुरबारमधले तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातले पानशेत यांचे दाखले देऊन सांगितले गेले की लहान लहान शाळा एकत्र केल्या, मुलांना गाडीने नेले, की शिक्षण सुधारते. ओरड झाली की असे कागद खाली जातात. ओरड थांबली की वर येतात. म्हणून ओरड थांबवून चालणार नाही.

दुसरा कागद पाहा. २०२०-२१ या वर्षासाठी केंद्र सरकारने राज्यांच्या शालेय शिक्षणाची जी प्रतवारी केली, तीत महाराष्ट्राला १००० पैकी ९२८ गुण मिळाले. केरळ आणि पंजाब यांच्या बरोबरीने राज्य पहिल्या रांगेत बसले. मुंबईत आनंद झाला. आता तुम्हीच आठवा, २०२०-२१ साली तुमच्या गावची शाळा कशी होती? करोनामुळे पहिली ते चौथीचे वर्ग कुलपात होते. ग्रामीण भागातले हे वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. ज्या वर्षी आमच्या लहानग्यांनी शाळेची पायरी चढली नाही, त्या वर्षी राज्याला हजारात ९२८! ज्याच्या घरी मोठा मोबाइल होता त्याचे पोरगे काही शिकले असेल. ज्याच्या घरी नव्हता त्याचे पोरगे रानात शेळ्यांमागे होते, वेचणीच्या दिवसांत पऱ्हाटीत होते.

मग आला तिसरा कागद. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांना वाचता येते का ते पाहते. त्या पाहणीला 'असर' म्हणतात. २०२२ साली देशभरच्या खेड्यांत तिसरीतल्या शंभर मुलांपैकी साधारण २० जणांनाच दुसरीचा उतारा वाचता येत होता. २०२४ साली ते २७ झाले. म्हणजे अजून ७३ जणांना येत नाही. आणि हे आकडे एकट्या सरकारी शाळांचे नाहीत, पैसे भरून शिकणाऱ्या खाजगी शाळांतली मुलेही त्यात आहेत.

आम्ही हा आकडा खोटा म्हणत नाही. आमच्या पोरांना वाचता येत नाही हे आम्हाला ग्रेडरच्या आधी कळते. बियाण्याच्या पिशवीवरचे, औषधाच्या डब्यावरचे, सोसायटीच्या नोटिशीवरचे चार शब्द पाचवीच्या पोराला वाचायला सांगितले आणि ते खाली मान घालून उभे राहिले, की बापाच्या पोटात काय होते ते पाहणी करणाऱ्याला कळायचे नाही. वाद आकड्याशी नाही. वाद त्यावरून काढलेल्या निष्कर्षाशी आहे.

हजेरीपट उघडा

आपापल्या गावी परत गेल्यावर एक काम करा. शाळेत जा, गुरुजींना नमस्कार करा आणि हजेरीपट पाहायला मागा. निकाल नंतर पाहू, आधी नावे वाचू.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा पट ज्यांना आठवतो त्यांनी तो मनात आणावा. त्या पटावर पाटलाचे पोरगे होते, सरपंचाचे होते, दुकानदाराचे होते, पंचवीस एकरवाल्याचे होते, दोन एकरवाल्याचे होते आणि सालदाराचेही होते. सगळे एका शाळेत होते. एका पट्टीवर बसत होते असे म्हणणार नाही, कारण कोणाला कुठे बसवले जायचे हे ज्यांनी सोसले त्यांना माहीत आहे. पण शाळेचे छप्पर गळले तर पाटलाच्या पोराच्या डोक्यावरही गळायचे. म्हणून छप्पर दुरुस्त व्हायचे. मास्तर आठ दिवस आले नाहीत तर चावडीवर आवाज निघायचा, कारण आवाज ज्याचा चालतो त्याचेच पोरगे बसून राहिलेले असायचे.

आजच्या पटावर कोण आहे? ज्याच्या विहिरीला पाणी आहे, ज्याच्या घरात एक नोकरी आहे, त्याचे पोरगे सकाळी सात वाजता पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या कॉन्व्हेंटला गेलेले असते. उरले कोण? कोरडवाहू दोन-चार एकरवाल्याचे. शेतमजुराचे. दलित वस्तीतले, तांड्यावरचे, पोडावरचे, पारधी बेड्यावरचे. ज्याचा बाप कर्जापायी गेला आणि आई एकटी संसार ओढते तिचे. ज्याचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास परततात, त्याचे. ज्याच्या घरी गोरमाटी, गोंडी, कोलामी किंवा कोरकू बोलतात आणि ज्याला पुस्तकातली मराठी पहिल्या दिवशी परक्या मुलखाची वाटते, त्याचे.

याचा दोष त्या पोरांच्या माथी मारायचा नाही. ती आमचीच आहेत. आम्ही एवढेच म्हणतो की ज्या शाळेतून आधीच तयारीची मुले निघून गेली, त्या शाळेच्या निकालाची तुलना ती मुले घेऊन बसलेल्या शाळेशी करणे हा वजनकाट्यातला पासंग आहे. एका घरी आई-बाप शिकलेले, पुस्तक आहे, दिवा आहे, शिकवणी आहे. दुसऱ्या घरी आई पहाटे भाकरी थापून निंदणाला जाते आणि धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहते. दोघींची पोरे एका कागदावर मोजायची आणि फरक पडला तो शाळेमुळे म्हणायचा. विहिरीच्या रानातला कापूस आणि मुरमाड रानातला कापूस शेजारी ठेवून मुरमाड रानवाल्याला 'तुला शेती येत नाही' म्हणण्यातला हा प्रकार आहे.

चिठ्ठी टाकून पाहिले, काय निघाले?

कोणी म्हणेल, ही तुमची पळवाट झाली. मग हे सोडतीने तपासले गेले आहे ते ऐका.

आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षे पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत एक प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा हिशेब २०१५ साली मांडला. सरकारी शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या आईबापांनी अर्ज केले, त्यांच्यात चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांची खाजगी शाळेची फी भरली गेली. बाकीची मुले राहिली तशीच. दोन्हीकडची घरे सारखी, कारण निवड पैशाने किंवा वशिल्याने झाली नव्हती. चार वर्षांनी परीक्षा घेतली. तेलुगू आणि गणितात दोघांत फरक निघाला नाही. हिंदीत खाजगीवाले पुढे होते, कारण सरकारी प्राथमिक शाळेत हिंदीला जवळजवळ वेळच दिला जात नव्हता. सुरुवातीला पाहिले तर खाजगी शाळांतली मुले पुष्कळ पुढे दिसत होती. ते पुढे असणे घरातून आलेले होते. 'असर'च्या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनाही हेच दिसले: आई-बापांचे शिक्षण, घरची स्थिती, शिकवणी हे हिशेबात धरले की सरकारी आणि खाजगी शाळांतली दरी पुष्कळ अरुंद होते.

या प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष आम्ही लपवणार नाही. तेवढेच शिक्षण खाजगी शाळेने सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी खर्चात दिले. आपल्या चळवळीतलेच काही कार्यकर्ते हा मुद्दा उचलून म्हणतात की सरकार कापूस खरेदीत नको तसे शाळेतही नको. सरकारने पैसे आईबापांच्या हाती द्यावेत, शाळा त्यांनी निवडावी. आम्ही सरकारी मक्तेदारीचा मार खाल्लेली माणसे आहोत, हा विचार आम्ही झिडकारून टाकणार नाही. पण आमचा साधा सवाल आहे. निवड करायला दुसरे दुकान लागते. बाजार खुला आहे हे कधी खरे? एक व्यापारी भाव पाडतो तर दुसऱ्याकडे माल नेता आला तरच. अठरा पोरांच्या तांड्यावर शाळा काढायला कोणता संस्थाचालक येणार आहे? तिथे एकच शाळा आहे, जिल्हा परिषदेची. ती बंद केली तर निवड वाढत नाही, उरलेली एकही जाते. ज्या दिवशी प्रत्येक तांड्यावर दुसरी शाळा उभी राहील त्या दिवशी आम्ही पैसे आईबापांच्या हाती द्या म्हणू. तोपर्यंत एकुलते एक दुकान बंद करून त्याला स्वातंत्र्य म्हणू नका.

एक एकर कापूस, एक पोरगे

आता थोडे स्वतःकडे पाहू. सरकारला शिव्या घालणे सोपे आहे. शाळा सोडून गेलेल्या पिवळ्या गाडीत आमचीही पोरे आहेत.

हिशेब करू. समजा तालुक्याच्या कॉन्व्हेंटची फी, गाडी, गणवेश, पुस्तके मिळून वर्षाला २५ हजार लागतात. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. तो मिळाला असे धरू. खेडा खरेदीत व्यापाऱ्याने काय दिले ते ज्याचे त्याला ठाऊक. २५ हजारांना साडेतीन क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल पिकला तरी आम्ही बरे म्हणतो. म्हणजे एका पोराच्या कॉन्व्हेंटसाठी एक एकर कापूस गेला. त्यातला बियाण्याचा, खताचा, फवारणीचा, वेचणीचा खर्च अजून कोणी धरलाच नाही. ज्वारीत मोजायचे तर त्याच वर्षी संकरित ज्वारीचा हमीभाव ३३७१ होता; साडेसात क्विंटल ज्वारी, म्हणजे घराचे वर्षाचे खाणे एका दप्तरात गेले.

दोन पोरे असली की दोन एकर. तीन एकरवाल्याने काय करायचे? तो काय करतो ते आपण सगळे पाहतो. मुलगा पिवळ्या गाडीत, मुलगी झेडपीच्या शाळेत. एकाच चुलीवरची भाकर खाऊन दोन लेकरे निघतात. एक 'इंडिया'कडे जाते आणि दुसरे 'भारता'त राहते. भारत-इंडियाची रेघ दिल्ली आणि खेडे यांच्यामध्ये आहे असे आपण सभांतून सांगत आलो. भावांनो, ती रेघ आपल्या उंबऱ्यावरून गेली आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, लाखोंनी माय-बहिणी जमल्या. बाईच्या नावावर जमीन करण्याच्या गोष्टी आपण केल्या. आणि आज पोरीच्या वाट्याला कोणती शाळा येते? ज्या शाळेवर आपला स्वतःचाच विश्वास नाही ती.

म्हणूनच शाळा बंद करण्याचा कागद आला की तो सर्वांत आधी मुलींवर पडतो. तीन कोसांवरच्या समूह शाळेला गाडी येईल असे सांगतात. पहिल्या वर्षी येईलही. नाल्याला पूर आला, डिझेलचे बिल थकले, ठेकेदार बदलला की गाडी बंद. मुलगा सायकल काढून जाईल. मुलीला आई म्हणेल, राहू दे बाई, घरीच बस. मग पुढच्या दोन-चार वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी. शाळा मिसळून सरकारचे किती रुपये वाचले ते कागदावर येईल. या पोरीची उलटी पट्टी कोणत्या कागदावर येणार आहे?

गुरुजींबद्दल

गुरुजींबद्दल बोलायला आपण कचरतो, कारण ते आपल्याच नात्यागोत्यातले असतात. तरी बोलावे लागेल.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले. म्हणजे चार वर्गांना दोन. त्यातला एक तालुक्याला बैठकीला गेला की दुसऱ्यापुढे चार वर्ग. त्यात २०१२ पासून कित्येक वर्षे शिक्षकभरती ठप्प होती. जागा रिकाम्या, माणसे निवृत्त होत गेली. कायद्याच्या २७ व्या कलमात लिहिले आहे की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढी सोडून शिक्षकाला दुसरे काम लावू नये. प्रत्यक्षात खिचडीचा हिशेब, तांदळाचा साठा, पोरांची माहिती पोर्टलवर भरणे, तीच माहिती दुसऱ्या ॲपवर भरणे, मतदारयाद्या, सर्वेक्षणे. गुरुजींचा अर्धा दिवस मोबाइलला रेंज शोधण्यात जातो. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांत पोरे हसत-खेळत वाचायला शिकली म्हणून राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. चांगली गोष्ट होती. झेडपीच्या शाळेत पोरगे शिकू शकते याचा तो पुरावा आहे. पण आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी फरशीवर रंगवलेली वर्तुळे तेवढी पोचली. त्या वर्तुळांभोवती पोरांना घेऊन बसायला वेळ असलेला शिक्षक पोचला नाही.

हे सगळे खरे असले तरी दुसरी बाजूही खरी आहे. मुख्यालयी राहतो असा दाखला ग्रामपंचायतीतून न्यायचा आणि राहायचे तालुक्याला. दुपारी तीनची एसटी गाठायला पावणेतीनला वर्ग सोडायचा. स्वतःचे पोरगे कॉन्व्हेंटात घालायचे आणि आमच्या पोरांबद्दल 'यांच्या घरात वातावरणच नाही' म्हणायचे. पोरांच्या घरची गरिबी हे निकाल समजून घेण्याचे कारण आहे, शिकवण्यातून सुटण्याचे निमित्त नाही. आम्ही मुरमाड रानात पेरतो म्हणून डवरणी सोडून देत नाही. उलट दोन पाळ्या जास्त देतो. गुरुजींनी हे आमच्याकडून शिकावे.

आणि सरकारने काय केले? डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, फेरपरीक्षेतही पास झाला नाही तर पोरगे त्याच वर्गात. शिक्षक पूर्ण दिले नाहीत, करोनात गेलेली वर्षे भरून दिली नाहीत, दिवाळी ते उन्हाळा परगावी असलेल्या पोराची सोय धड लावली नाही, आणि नापास कोणाला केले? दहा-अकरा वर्षांच्या लेकराला. पुन्हा ग्रेडर, पुन्हा चिमूटभर कापूस.

पैसा कोणाचा?

सरकार म्हणते, अठरा पोरांमागे दोन शिक्षक परवडत नाहीत. 'परवडत नाही' हा शब्द आमच्या ओळखीचा आहे. तो शब्द आम्ही भावाबद्दल काढला तेव्हा आम्हाला आळशी ठरवले गेले. आता तोच शब्द सरकार काढते.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. त्यांचे म्हणणे असे होते की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. शेतकऱ्याच्या पोराच्या वाट्याला काही येत नाही. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा या शाळा त्यांच्याकडे आल्या. ही आमच्या दारी आलेली भीक नव्हे. कापसाला, ज्वारीला वर्षानुवर्षे पाडलेल्या भावातून शहरे आणि कारखाने उभे राहिले, त्यातून परत आलेला हा अगदी थोडा हिस्सा आहे. तोही आता पटाच्या नावाने काढून घ्यायचा आहे.

काय ठरवायचे

बैठकीत भाषणे होतील, टाळ्या होतील. त्याने शाळा वाचणार नाही. आम्ही पुढील गोष्टी चर्चेला ठेवतो. त्यात भर घालावी, चुकत असेल तर दुरुस्त करावी, पण उठण्यापूर्वी ठराव करून उठावे.

एक. शाळेची प्रत लावायची असेल तर जूनमध्ये पोरगे कुठे होते आणि एप्रिलमध्ये कुठे पोचले यावर लावा. अक्षर न ओळखणारे पोरगे वर्षभरात ओळी वाचू लागले असेल तर त्या शाळेने मोठे काम केले आहे. आणि वर्षभर पोरगे जागच्या जागी असेल तर गुरुजींना जाब विचारा. तिथे आम्ही आडवे येणार नाही.

दोन. कायद्याने ठरवलेले शिक्षक पूर्ण द्या, पोर्टलचे काम त्यांच्याकडून काढा, मगच निकाल मागा.

तीन. पहिली ते पाचवीच्या पोराला एक किलोमीटरच्या आत शाळा हा आमचा हक्क आहे. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एकही शाळा बंद किंवा विलीन होऊ देणार नाही. ज्या ग्रामसभेत हा विषय येईल तिथे आईबापांनी, विशेषतः आयांनी, हजर राहावे.

चार. दिवाळीत स्थलांतर सुरू होण्याआधी हंगामी वसतिगृह सुरू झालेच पाहिजे. जानेवारीत मंजुरी आणि मार्चमध्ये अनुदान, हा खेळ बंद करा. आमच्या बाजूने आम्हीही शब्द देऊ की वेचणीच्या दिवसांत शाळेच्या वेळात पोराला पऱ्हाटीत उभे करणार नाही. हे जड जाईल, कारण वेचणाऱ्या हाताची मजुरी वाचते. तरी करावे लागेल.

पाच. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत असे कायदा सांगतो. त्या जागा गावच्या पुढाऱ्यांच्या माणसांनी कागदावर भरलेल्या असतात. त्या पोरांच्या आयांनी भराव्यात, महिन्याला बसावे आणि दर बैठकीत चार पोरांना उभे करून वाचायला लावावे. वाचता येते की नाही हे पाहायला आईला स्वतः वाचता आले पाहिजे असे नाही. पोरगे अडखळते की धडाधडा वाचते हे तिच्या कानाला कळते.

सहा, आणि हा ठराव आमच्या स्वतःवर आहे. या चळवळीच्या तालुका आणि जिल्हा पदाधिकाऱ्यांनी आपली पहिली ते चौथीची पोरे गावच्या शाळेत घालावीत. निदान एका घरात मुलाला एक शाळा आणि मुलीला दुसरी, हे तरी आजपासून बंद करावे. ज्याचे पोरगे शाळेत नाही त्याच्या तोंडी शाळा वाचवण्याचे भाषण शोभत नाही. आपली पोरे परत आली की पट वाढेल, ही लहान गोष्ट झाली. मोठी गोष्ट ही की छप्पर गळले तर ते आवाज चालणाऱ्याच्या पोराच्या डोक्यावर गळेल.

पिकले कमी म्हणून आम्ही रान सोडले नाही. बांध घातला, गाळ टाकला, पुन्हा पेरले. शाळेच्या बाबतीतही तेच करायचे आहे. प्रत लावायला येणाऱ्याला आता वर्गात नेण्याआधी गावातून फिरवून आणा. पटावरच्या एकेका पोराचे घर दाखवा, त्याच्या बापाचे रान दाखवा, रिकामी शिक्षकाची खुर्ची दाखवा. मग म्हणा, साहेब, आता लिहा काय लिहायचे ते.